क्लच खंय गेलो?

गौरी-गणपतींचं विसर्जन आटोपून आम्ही मिठबावहून निघालो तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. शिरगाव, नांदगाव मागे टाकून फोंडाघाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तो कोसळायला लागला. घाटात अर्ध्यावर एक ट्रक बंद पडला होता. त्याच्या मागे आमची रांग. पुण्याला परतणारे, कोल्हापूरला जाणारे, सगळे चाकरमानी एका चढावर अडकलेले.

शेजारच्या सीटवर मामा होता. आयुष्यभर त्याने देवगडचे आंबे लॉरीत घालून कोल्हापूर-पुण्याला पोचवले. आता डावा गुडघा गेला आहे. त्याला कोल्हापूरला डॉक्टरकडे दाखवायला न्यायचं होतं. मी सहा महिन्यांपूर्वी ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हा त्याने आत वाकून पाहिलं होतं आणि पहिला प्रश्न विचारला होता, "क्लच खंय गेलो?"

रांग हातभर सरकायची, पुन्हा थांबायची. मी मोठ्या ऐटीत ब्रेकला पायच लावत नव्हतो. एक्सलरेटर किंचित दाबला की गाडी चढावर जागच्या जागी उभी राहायची, मागेही नाही, पुढेही नाही. मामाला दाखवत होतो, बघ, किती सोपं झालंय सगळं. असं दहाएक मिनिटं झालं असेल. मग डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गिअरबॉक्स गरम.

मामाने दिव्याकडे पाहिलं नाही. माझ्या पायाकडे पाहिलं.

"झिला, मगे ब्रेक कित्याक दिल्यानी?"

मी ब्रेक दाबला, गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला. थोड्या वेळाने दिवा गेला. ज्या माणसाने जन्मात ऑटोमॅटिक चालवली नव्हती, त्याला माझी चूक माझ्या आधी कळली होती. ती कशी कळली, याचा शोध घेताना मी एका जर्मन बंदरात, मग लंडनच्या बसमध्ये, मग शिवडीच्या कारखान्यात जाऊन पोचलो. हा लेख म्हणजे तो प्रवास आहे.

मुळात अडचण काय आहे?

इंजिनाची एक खोड आहे. ते शून्यापासून जोर लावू शकत नाही. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की धाप लागते आणि बंद पडतं. चाकांची गरज नेमकी उलटी. गाडी उभी असते तेव्हा चाकांची फेरी शून्य, आणि सगळ्यात जास्त जोर त्याच क्षणी हवा असतो. फिरणारं इंजिन आणि उभं चाक यांची गाठ घालायची, तर मध्ये कुठेतरी घसरू देणारी जागा लागते.

साध्या गाडीत ती जागा म्हणजे क्लच. दोन चकत्या. हळूहळू टेकवल्या की आधी घसरतात, मग घट्ट धरतात. ज्याला आपण 'हाफ क्लच' म्हणतो, ती कला म्हणजे हे घसरणं डाव्या पायाने मोजून मापून घडवणं. मामाच्या गुडघ्याने हेच काम हजारो घाटांत केलं.

ऑटोमॅटिक गाडीत (निदान टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत) हे घसरणं तेलात घडतं. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो वाढवून देणारं यंत्र म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. पण ते गाडीसाठी जन्मलंच नव्हतं. ते जन्मलं बोटीसाठी.

बोटीवरचा पेच

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांत वाफेचं टर्बाइन आलं. छोटं, ताकदवान, पण वेगाने फिरलं तरच खूश. जहाजाचा पंखा म्हणजे प्रोपेलर मात्र संथ फिरला तरच पाण्याला नीट ढकलतो. फार जोरात फिरवला तर नुसता फेस होतो. शिवाय टर्बाइन उलटं फिरत नाही, आणि जहाजाला तर मागेही यावं लागतं. इतक्या ताकदीला पेलतील अशी दातेरी चाकं तेव्हा नीट बनत नव्हती.

जर्मनीतल्या श्टेटिन बंदरात व्हल्कन नावाची जहाजं बांधणारी कंपनी होती. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तिथे हेरमान फ्योटिंगर हा तरुण इंजिनिअर काम करायचा. जन्म १८७७, न्यूरेंबर्गचा, शिक्षण विजेच्या शाखेतलं. त्यामुळे त्याला पहिल्यांदा सुचलं ते विजेचं उत्तर: टर्बाइनने जनित्र फिरवायचं, त्या विजेवर मोटर चालवायची, मोटरने पंखा. पण ते फार जड होणार होतं.

मग त्याने विजेच्या जागी पाणी ठेवून पाहिलं. टर्बाइनने पंप फिरवायचा, पंपाच्या पाण्याने दुसरं चाक फिरवायचं, त्या चाकाला प्रोपेलर. पण पंपापासून चाकापर्यंत पाणी नेणाऱ्या नळांतच बरीचशी ताकद खर्ची पडणार. इथे त्याने खरी उडी घेतली. नळच काढून टाकले. पंप आणि चाक एकाच डब्यात, एकमेकांसमोर, पाती पात्यांना जवळजवळ चिकटून. पंपाने फेकलेलं पाणी सरळ समोरच्या चाकात, तिथून पुन्हा पंपात. जून १९०५ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला.

१९०९ मध्ये व्हल्कनने या यंत्राची एक चाचणी बोट बांधली. १९१३ मध्ये 'क्योनिगिन लुईझे' हे प्रवासी जहाज या यंत्रासह उतरलं. हॅम्बुर्गहून हेल्गोलँड बेटावर सहलीला जाणाऱ्या लोकांसाठी ते होतं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, जर्मन नौदलाने त्यावर पाणसुरुंग लादले आणि ५ ऑगस्ट १९१४ ला, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटिश नौकांनी ते बुडवलं.

जहाजाबरोबर यंत्राचं नशीबही बुडाल्यासारखं झालं. कारण दातेरी चाकं दरम्यान सुधारली होती. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने 'व्हेस्पेशियन' या जुन्या मालवाहू जहाजावर दातेरी चाकांमार्फत टर्बाइन जोडून दाखवलं, आणि त्यात ताकदीची गळती कितीतरी कमी होती. समुद्रावर फ्योटिंगर हरला. रस्त्यावर त्याची वाट पाहणारं कोणी होतं, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

परतणारी लाट

हे यंत्र कळायला मिठबावच्या किनाऱ्यावर जाऊ. गजबादेवीच्या टेकडीखाली, गुडघाभर पाण्यात उभे राहा. लाट येते, पुढे ढकलते. मग तेच पाणी परत फिरतं आणि पायाखालची वाळू ओढत तुम्हाला मागे खेचतं. येणारी पुढची लाट या परतणाऱ्या पाण्याला धडकते आणि तिचा अर्धा जोर तिथेच मरतो.

फ्योटिंगरच्या डब्यात नेमकी हीच अडचण आहे. पंपाचं चाक तेल फेकतं (गाड्यांमध्ये पाण्याऐवजी तेल असतं). ते समोरच्या टर्बाइन चाकाला ढकलतं. पण टर्बाइनच्या वक्र पात्यांवरून वळून परत येताना ते उलट्या दिशेने येतं आणि पंपालाच विरोध करतं.

म्हणून त्याने मध्ये तिसरं चाक बसवलं: स्टेटर. हे फिरत नाही. गिअरबॉक्सच्या अंगाला घट्ट धरलेलं असतं. परतणाऱ्या तेलाला ते आपल्या पात्यांवर झेलतं आणि वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेने पुन्हा आत सोडतं. परतणाऱ्या लाटेला कोणी वळवून येणाऱ्या लाटेच्या पाठीशी लावावं, तसं. आता तेल आधीच वेगात आहे, पंप त्यात आणखी भर घालतो आणि टर्बाइनला बसणारा धक्का इंजिनाच्या मूळ जोरापेक्षा मोठा होतो.

फुकटात जोर कसा वाढला? पहारीने धोंडा उचलताना विचारा. खाली टेकू असेल तरच पहार तुमचा जोर वाढवते. स्टेटर हा तो टेकू. टेकू हलत नाही म्हणून जोर वाढतो. साध्या गाडीत हा जोर सुरुवातीला साधारण दुप्पट होतो. इंजिनाने १५० न्यूटन-मीटर दिले, तर गिअरबॉक्सच्या तोंडाशी ३०० च्या आसपास. वेगाच्या रूपात त्याची किंमत वसूल होते. जोर दुप्पट, पण फेऱ्या कितीतरी कमी.

लंडनची बस, कार्ल्सरुहचा स्टेटर

व्हल्कनमध्येच या यंत्राचा एक सोपा भाऊ तयार झाला होता. स्टेटर काढून टाकला तर जोर वाढत नाही, पण इंजिन आणि चाकांमध्ये मऊ, घसरती गाठ राहते. याला फ्लुइड कपलिंग म्हणतात. लंडनच्या बस सुटताना फार हिसके देतात म्हणून हॅरॉल्ड सिंक्लेअर या इंग्लिश इंजिनिअरने ही गाठ रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. १९३० पासून डेमलर कंपनीच्या गाड्यांत ती 'फ्लुइड फ्लायव्हील' या नावाने आली.

त्याच सुमारास जर्मनीतल्या कार्ल्सरुहमधल्या संशोधकांनी दोन्ही भावांना एक केलं. स्टेटरला त्यांनी एका बाजूनेच फिरणाऱ्या चाकावर बसवलं. सायकलचं फ्रीव्हील असतं ना, पुढे पॅडल मारलं की धरतं, मागे मारलं की नुसतं कडकड फिरतं, तसं. गाडी सुटताना परतणारं तेल स्टेटरला मागे ढकलतं, तो धरून ठेवतो आणि टेकू बनतो. गाडीने वेग घेतला की तेल त्याच्या पाठीमागून येतं, तो सैल सुटतो आणि तेलाबरोबर फिरू लागतो. आता टेकूची गरजच नसते. ही 'ट्रिलोक' मांडणी म्हणून ओळखली जाते. तुमच्या-माझ्या ऑटोमॅटिक गाडीत आजही जवळजवळ तीच आहे.

अमेरिका आणि शिवडी

१९३९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक बाजारात आणला. त्यात फ्लुइड कपलिंग होतं, गिअर आपोआप बदलायचे, पण तेलातून जोर वाढत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्युइकने एम-१८ 'हेलकॅट' ही रणगाडाभेदी गाडी बनवली, तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर होता. युद्ध संपल्यावर तोच अनुभव मोटारीत उतरला: १९४८ चा ब्युइक डायनाफ्लो. दोन वर्षांनी स्वस्त शेव्हरोलेमध्ये पॉवरग्लाइड आलं. बोटीसाठी जन्मलेलं यंत्र रणगाड्यातून फिरून मध्यमवर्गाच्या अंगणात पोचलं.

याच जनरल मोटर्सचा एक कारखाना मुंबईत होता, हे फार जणांना माहीत नसतं. १९२८ पासून शिवडीला सुटे भाग आणून तिथे शेव्हरोले, ब्युइक जोडल्या जायच्या. कोकणातली कितीतरी माणसं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कारखान्यांत राबत होती. म्हणजे जगात ऑटोमॅटिक गिअरचं पर्व सुरू होत होतं, तेव्हा ते बनवणाऱ्या कंपनीचं एक दार आपल्याकडे उघडं होतं.

ते लवकरच बंद झालं. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की नुसत्या जोडणीला परवानगी नाही, गाडी इथे बनवायची असेल तरच राहा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीतली जोडणी थांबवली. उरल्या त्या देशी कंपन्या. त्यातलीच एक वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याची. तिची फियाट, नंतरची पद्मिनी, पुढची कित्येक दशकं मुंबईची टॅक्सी होती. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा आणि डाव्या पायाखालचा क्लच, हेच आपलं मोटार चालवणं झालं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

पेट्रोल महाग होतं, ड्रायव्हर स्वस्त होता. टॉर्क कन्व्हर्टर घसरण्यात इंधन जाळतो. अशा देशात त्याला कोण विचारणार? 'किती देते?' हा आपला गाडीबद्दलचा पहिला प्रश्न. त्याचं अधिकृत उत्तर पुण्यातल्या एआरएआयच्या चाचणीत मिळतं आणि जाहिरातीत छापलं जातं. टॉर्क कन्व्हर्टर त्या एका आकड्यावर वर्षानुवर्षं हरत राहिला.

पण यंत्र मोटारीत आलं नाही म्हणून देशातच आलं नाही असं नाही. ते आलं रेल्वेत. मनमोहन सुरी या भारतीय इंजिनिअरने डिझेल इंजिनांसाठी तेल आणि दातेरी चाकं यांची सांगड घातली. तिला 'सुरी ट्रान्समिशन' म्हणतात. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९६२ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकनेही पुढे रेल्वे इंजिनांसाठी तेलावर चालणारी ट्रान्समिशन बनवली. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या शंटिंग इंजिनाचं काम आठवा. शून्यातून सुरुवात, प्रचंड ओझं, पुन्हा थांबा, पुन्हा सुरुवात. आमची घाटातली रांग आणि ते यार्ड यांत फारसा फरक नाही.

स्टॉल म्हणजे बंद पडणं नव्हे

आता माझ्या पिवळ्या दिव्याकडे येऊ. त्यासाठी एक शब्द समजून घ्यावा लागतो: स्टॉल स्पीड.

आपण 'गाडी स्टॉल झाली' म्हणतो तेव्हा इंजिन बंद पडलेलं असतं. इथे तसं नाही. इथे थांबलेलं असतं ते टर्बाइन, म्हणजे चाकांच्या बाजूचं चाक. इंजिन फिरतच असतं. ब्रेक घट्ट दाबून गाडी गिअरमध्ये ठेवली आणि एक्सलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, वाढतात आणि एका आकड्याशी अडकतात. त्यापुढे जात नाहीत. तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. रस्त्यावरच्या साध्या मोटारीत तो बहुधा दोन हजारांच्या आगेमागे असतो.

तो तिथेच का अडकतो? कारण तेल घुसळायला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या दुप्पट, तर जोर चौपट. समजा, एका कन्व्हर्टरला २००० फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटर लागतात. मग १००० वर त्याला ३७-३८ पुरतात, आणि इंजिन नुसतं घुरघुरत असताना, ७५० वर, फक्त २१. म्हणून सिग्नलला ब्रेक दाबून उभे असताना इंजिन बंद पडत नाही. तेल त्याच्याकडून फार काही मागतच नाही. ब्रेक सोडला की याच २१ च्या जोरावर गाडी आपोआप हळूच पुढे सरकते.

एक्सलरेटर दाबला की इंजिन वेग घेतं, तेलाची मागणी वर्गाने वाढत जाते. एका ठिकाणी इंजिनाची देण्याची ताकद आणि तेलाची मागणी बरोबर जुळतात. तिथे फेऱ्या थांबतात. म्हणजे स्टॉल स्पीड हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही, तो इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यातला सौदा आहे. तोच कन्व्हर्टर दुप्पट जोराच्या इंजिनाला लावला तर स्टॉल दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. २००० चे २८००.

कन्व्हर्टरचा आकार मात्र फार नाजूक बाब आहे. तेलाची मागणी व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. त्याच घडणीचा डबा व्यासाने फक्त दहा टक्के लहान केला, तर तेवढ्याच जोराच्या इंजिनाला स्टॉल २००० वरून २६०० च्या आसपास जातो. शर्यतीच्या गाड्यांत मुद्दाम असे लहान डबे बसवतात, कारण त्यांच्या इंजिनाला जोर येतो तोच वरच्या फेऱ्यांवर. इंटरनेटवर ते व्हिडिओ पाहून आपल्या गाडीलाही तसं करून घ्यावं असं वाटू शकतं. पण रोजच्या रस्त्यावर त्याचा अर्थ एवढाच: इंजिन ओरडतं जास्त, गाडी हलते कमी, तेल तापतं आणि पेट्रोल जातं. उलट स्टॉल फार खाली ठेवला, तर गाडी सुटताना इंजिन जोराच्या पट्ट्यात पोचतच नाही आणि चढावर सुस्त वाटतं. शहाणा कारखाना इंजिनाचा स्वभाव बघून मधला आकडा निवडतो.

गॅरेजमध्ये या आकड्याचा उपयोग नाडीसारखा होतो. स्टॉल ठरल्यापेक्षा खाली आला, तर एक तर इंजिन अशक्त झालं आहे किंवा स्टेटरचा टेकू सैल सुटला आहे. ठरल्यापेक्षा वर गेला, तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरत आहेत. ही चाचणी जाणत्या मेकॅनिकने, चारपाच सेकंदांतच उरकायची असते. घरी करून बघायची नाही. का, ते पुढे.

दहा गीझर

स्टॉलवर टर्बाइन फिरत नाही. फिरत नाही म्हणजे चाकांना जोर मिळतो, पण काम होत नाही. मग इंजिनाची ताकद जाते कुठे? सगळीच्या सगळी तेल तापवण्यात. आईने ताक घुसळताना रवी धरून ठेवली तर जशी दोरी हाताला चटके देते, तसं.

हिशेब करू. १५० न्यूटन-मीटर, २००० फेऱ्या. ताकद होते सुमारे ३१ किलोवॅट. बाथरूममधला मोठा गीझर ३ किलोवॅटचा असतो. म्हणजे दहा गीझर एकदम चालू, आणि तापवायचं काय, तर कन्व्हर्टरमधलं दोन-तीन लिटर तेल. ढोबळ मानाने दर सेकंदाला पाचसहा अंश. म्हणून ती चाचणी सेकंदांत संपवतात.

मी घाटात पूर्ण एक्सलरेटर दाबला नव्हता. पण चढावर गाडी एक्सलरेटरवर तोलून धरणं म्हणजे तोच प्रकार मंद आचेवर. चाकं उभी, टर्बाइन उभं, इंजिन तेल घुसळतंय. दोन-तीन गीझर, दहा मिनिटं. वरून रांग हलत नसल्यामुळे थंड करायला वाराही नाही. तापून तापून तेल आपला गुण हरवतं, आणि मग गिअरबॉक्सच्या आतले क्लच खराब होऊ लागतात.

मामाला हे आकडे माहीत नव्हते. त्याला माहीत होता नियम. चढावर लॉरी धरायची ती हँडब्रेकवर, हाफ क्लचवर नाही. हाफ क्लचवर धरली की पाच मिनिटांत करपल्याचा वास येतो आणि दहा मिनिटांत प्लेट जाते. घसरण झाली तिथे उष्णता होणार, मग ती चकतीत असो की तेलात.

जुना हिशेब, नवीन डबे

कंपन्यांनाही ही घसरण कधीपासून सलत होती. म्हणून १९४९ मध्येच अमेरिकेतल्या पॅकार्डने कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवला. गाडी नीट वेगात आली की तो पंप आणि टर्बाइनला घट्ट एकत्र बांधतो. घसरण शून्य. १९७३ च्या तेलसंकटानंतर, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, ही 'लॉक-अप'ची कल्पना पुन्हा सर्रास आली. आजच्या गाडीत सपाट रस्त्यावर तेल बहुतेक वेळ नुसतं सोबतीला असतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात झेनसारख्या छोट्या गाडीला तीन गिअरचा ऑटोमॅटिक मिळत होता, पण घेणारे मोजके. खरी गर्दी झाली ती २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आल्यावर. इथेच आपल्या पिढीची मोठी गल्लत होते. एएमटीत तेलाचा डबा नसतो. साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त डाव्या पायाचं आणि हाताचं काम यंत्र करतं. म्हणजे चढावर एक्सलरेटरवर गाडी धरली, तर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल तापेल, पण एएमटीत थेट चकती करपेल. सीव्हीटी, डीसीटी यांचे आणखी वेगळे प्रकार. दांड्यावर सगळीकडे 'डी' असतं, आतलं जग निराळं असतं. आपल्या गाडीत यातलं काय आहे, हे घाटात जाण्यापूर्वी माहीत असायलाच हवं.

आणि घाट उतरताना? तिथे 'डी'वर सोडून फक्त ब्रेकवर उतरू नका. 'एल', '२' किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा, म्हणजे इंजिनच गाडी रोखतं आणि ब्रेक तापत नाहीत. लॉरीवाल्यांचा दुसरा जुना नियम: ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं.

दिवाळी

डॉक्टरांनी मामाला सांगितलं की गुडघ्याला ताण नको, पायाने सारखं दाबायचं काम बंद. म्हणजे क्लच बंद. चाळीस वर्षं जो माणूस रस्त्यावर जगला, त्याने आता मामीला देवगडला न्यायचं तरी रिक्षा शोधायची.

दिवाळीत मी गाडी घेऊन गेलो तेव्हा किल्ली त्याच्या हातात दिली. परवाना अजून चालू आहे, उजवा पाय ठणठणीत आहे. त्याने सीट पुढे घेतली, डावा पाय दूर सारून ठेवला आणि बराच वेळ 'डी'कडे बघत बसला. मग ब्रेक सोडला. गाडी आपोआप सरकली तसा दचकला, आणि हसला.

कुणकेश्वरच्या रस्त्याने जाऊन आम्ही परत आलो. सड्यावरून खाली किनाऱ्याकडे उतरणारी घाटी आली, तेव्हा मी काही बोलायच्या आत त्याने दांडा खाली ओढून 'एल'वर आणला. इंजिन जरा घोगरं झालं, गाडी आवरून धरल्यासारखी उतरू लागली. वाटेत एका चढावर समोरून एसटी आली, तेव्हा थांबून त्याने ब्रेक दाबूनच ठेवला.

सुरूच्या झाडांपाशी गाडी उभी केल्यावर म्हणाला, "क्लच हा रे. फकत दिसणा नाय."

मग खाली उतरून, बॉनेटवर हात ठेवून, आपला खरा प्रश्न विचारला.

"पन ॲव्हरेज किती देता?"